नादारी कुणाच्या नावानं

घराचं दिवाळं निघालं तर नादारीचा अर्ज नवऱ्यानं करावा का बायकोनं, हा सवाल तुमच्या ताटावर कधी आला नसंल. आमच्या ताटावर आलता. दोन हजार पंधराचा पावसाळा. म्हणायला पावसाळा, वडवणीत टँकर आठव्या दिवशी यायचा. आमचे मालक बसप्पा भाकरी मोडता मोडता मला म्हणले, "उद्या बीडला जायचंय, वकिलाकडं. तुला नादार व्हायचंय." कुणाच्या बारशाला जायचंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

"मी? मी कावून? मी कुणाचं काय घेतलंय?"

"घेतलं न्हाई गं. सह्या केल्यात ना."

ते मातर खरं होतं. सह्या मी केल्यात. नऊ वर्षं केल्यात, आन् त्याबी भाकरी थापता थापता. आमच्या पतसंस्थेचा सचिव सुग्रीव ठरावाचं बुक घिऊन घरी यायचा. मालक पान उघडून त्यावर बोट ठेवायचे आन् म्हणायचे, "हितं." मी पिठाचा हात पदराला पुसून सही ठोकायचे. 'सौ. नीलम्मा बसप्पा, अध्यक्षा.' सातवी शिकलेली बाई मी, अक्षर चांगलं. एकदा मी म्हणलं होतं, "वाचून तरी बघू द्या." तर म्हणले, "तवा जळंल तुझा. वाचायचं काय त्यात? मी वाचलंय."

तवा जळू नये म्हणून मी काय काय जाळलं, ते आता सांगते.

मालकांचं वडवणीत मोटारी-पाइपाचं दुकान, संगमेश्वर मशिनरी. धंदा बरा चालायचा. पण ह्यांना खुर्चीची लई हौस. गावातल्या मोठ्या पतसंस्थेच्या इलेक्शनला दोनदा उभे राहिले आन् दोन्ही बारीला तोंडावर आपटले. मग कुणीतरी कानात सांगितलं, बायांची पतसंस्था काढा, मंजुरी लवकर मिळती. झालं. महिनाभरात गिरिजाई महिला पतसंस्था उभी राहिली. अध्यक्षा मी. उपाध्यक्षा सुंदरबाई, शेजारच्या गल्लीतली, हॉटेलवाल्याची बायको. संचालक म्हणून चतुराबाई, मंजुळाबाई, बायनाबाई आन् आणखी दोघी. अशा आमी सात बायका. आन् मिटिंगला कोण बसायचं? आमचे सात नवरे.

कोण हसायलंय? हसू नका. खोटं वाटत असंल तर तुमच्या गावात जाऊन बगा.

बाजारतळाजवळ दोन खोल्यांचं हापिस होतं. त्यात एक फिरती खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. तिच्यावर मालक बसायचे. गाडीच्या काचंवर लाल अक्षरात 'चेअरमन' लिहून घेतलं. अख्खं गाव ह्यांना चेअरमनसाहेब म्हणायचं आन् मला वहिनी. आमी सातजणींनी पाळ्या लावल्या होत्या, एका मिटिंगला एकीनं पोहे करायचे. महिला दिनाला मातर आमाला हापिसात बोलवायचे. एकेक गुलाब द्यायचे, फोटो काढायचे. एका वर्षी कुणी मोठे साहेब आलते. ते भाषणात म्हणले, "वडवणीच्या महिला किती पुढं गेल्यात बघा." आमी तेव्हा मागच्या खोलीत चहा गाळत होतो. भाषण संपलं तसं आमाला घरी लावून दिलं, कारण मिटिंग सुरू व्हायची होती.

मग दुष्काळ पडला. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आन् आमच्या मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांची हिकमत अशी की पाणी जितकं खाली जाईल तितके लोक बोअर खोल घेतील, आन् बोअर जितका खोल तितकी मोटार मोठी. पतसंस्थेतून बावीस लाख उचलले आन् मोटारींनी गोदाम भरून टाकलं. पैल्या वर्षी मोटारी विकल्याबी. मालक रोज सकाळी विभूती लावून आभाळाकडं बघायचे आन् ढग दिसला की त्यांचं तोंड उतरायचं. देवापुढं बसून पाऊस पडू नये म्हणणारा माणूस मी माझ्या घरात बघितलाय. मला भ्या वाटायचं त्याचं.

देवानं ऐकलं. जरा जास्तच ऐकलं. दुसऱ्या वर्षी सातशे फुटावर फुफाटा निघायला लागला. बोअर घ्यायचं लोकांनी सोडून दिलं. पाणीच न्हाई तर मोटार काय गळ्यात बांधायची? गोदाम भरलेलं, गिऱ्हाईक एक न्हाई. बाकीच्या सहा नवऱ्यांचंबी तसंच. एकानं पतसंस्थेच्या पैशावर टँकर घेतले, एकानं बीड रोडवर हॉटेल टाकलं, एकानं मुकादम होऊन ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल वाटली. ऊसच न्हाई तर टोळ्या कुठं जाणार? पैसा गेला तो गेला.

तो पैसा कुणाचा होता? बाजारात कोथमीर विकणारीचा, शिवणकाम करणारीचा, शाळेत खिचडी शिजवणारीचा. गिरिजाई बायांची संस्था हाय म्हणून बायांनी भरवशानं ठेवलेला. त्या आमच्या दारात यायला लागल्या. मालक मागच्या दारानं निघून जायचे आन् मी पुढच्या दारात उभी राहायचे. एक म्हातारी माझा हात धरून म्हणली, "माय, तुझं नाव बघून पैसे ठेवले गं मी." तिला काय सांगू? मला माझंच नाव ठाऊक नव्हतं.

चौकशी लागली. चौकशीवाल्या साहेबांनी कागद तपासले. कागदावर सह्या कुणाच्या? सात बायांच्या. त्यांनी जिम्मेदारी बायांवर लावली. माझ्या वाट्याला अकरा लाख आले. नोटीस वाचून मालक एकच वाक्य बोलले, "बरं झालं, माझं नाव कुठं न्हाई."

आता तुमाला कळलं असंल, दुसऱ्या दिवशी आमी एसटीनं बीडला कावून गेलतो.

बद्रीनाथ वकिलांचं हापिस कोर्टाच्या मागं. लांब नाक, पुढं दोन फोन. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं, तेबी 'बसा' म्हणायला. पुढचं सगळं मालकांशी.

"हे बघा बसप्पा," वकील म्हणले, "नवरा-बायकोला एका अर्जात नादार होता येत नाही. घराचं रेशनकार्ड एक असतं, नादारी ज्याची त्याची. तेव्हा तुमच्यापुढं रस्ते तीन. एक, तुम्ही अर्ज करा. मग दुकान, माल, गाडी, घर, जे तुमच्या नावावर आहे ते कोर्ट ताब्यात घेईल आणि ज्यांचं देणं आहे त्यांना वाटेल. दोन, सौभाग्यवतींचा अर्ज करा. त्यांच्या नावावर जे असेल ते जाईल, त्यांच्यावरचे अकरा लाख त्यात मिटतील. तुमच्या इस्टेटीला कुणी हात लावणार नाही. तीन, दोघांनी वेगवेगळे अर्ज करा. मग दोघांचंही जाईल."

"दोन नंबर," मालक म्हणले. भाजीवाल्याला सांगावं तसं.

"त्यांच्या नावावर काय आहे?"

"काय न्हाई हो. माजलगावला दोन एकर हाय, माहेरची."

काय न्हाई म्हणे! अवो, माझ्या बापानं, विरुपाक्षानं, भावांशी भांडण घिऊन ती दोन एकर माझ्या नावावर केली. तहशीलला जाऊन आला आन् सातबाऱ्याचा कागद माझ्या हातात देऊन म्हणला, "नीलू, हे कुणाला विचारून तुला दिलं न्हाई, तूबी कुणाच्या सांगण्यानं देऊ नको." तिथं एक हीर हाय. धरण आटलं तरी तिच्यात गुडघाभर पाणी राहतं. दर साली तिथली जवारी येती. आमच्या घरातली भाकरी त्या जवारीची. नऊ वर्षं ज्या भाकरीच्या पिठानं मी सह्या केल्या, तेबी पीठ तिथलंच. आन् हा माणूस म्हणतो, काय न्हाई हो!

मालक खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणले, "साहेब, आधी ती दोन एकर माझ्या नावावर करून घेतली तर?"

"चालणार नाही. अर्जाच्या आधी दोन वर्षांत केलेलं बक्षीसपत्र कोर्ट मोडून टाकतं. जमीन जाणारच."

"जाऊ द्या मग," मालक म्हणले. "दुकान वाचतंय ना."

मला वाटलं वकील तरी इचारतील, बाई तुमचं काय म्हणणं? न्हाई. त्यांनी वेगळंच इचारलं. "बसप्पा, तुमच्या अंगावर पतसंस्थेचं बावीस लाखांचं कर्ज आहे. बायको नादार झाली तरी ते तुमच्या डोक्यावर राहतंच. त्याचं काय?"

मालक हसले. मांडीवर थाप मारून हसले. "साहेब, माझ्याकडून वसूल करणार कोण? त्याला अध्यक्षाचा ठराव लागतो. आन् अध्यक्ष आमच्या घरात भाकरी थापते!"

वकीलबी हसले. त्या एका बोलण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी ठक्कन वाजलं. मी इतकंच इचारलं, "वकीलसाहेब, नादार झालं की अध्यक्षपद जातं का?"

"जातं. नादार माणूस संस्थेच्या पदावर राहू शकत नाही."

"मग सुंदरबाईला करू," मालक म्हणले. "तिचंबी अक्षर चांगलं हाय."

अर्ज पुढच्या सोमवारी टाकायचा ठरला. म्हणजे माझ्याकडं अध्यक्षपदाचे सहा दिवस राहिले होते. नऊ वर्षांत मी एक दिवस अध्यक्ष नव्हते, आता सहा दिवस मिळाले. एसटीत मालक खिडकीला डोकं टेकून घोरत होते. मला मातर राग आला, लई राग आला. आधी त्यांचा आला, मग माझा. दुसऱ्याचा राग येऊन जातो, स्वतःचा आलेला जात न्हाई.

दुसऱ्या दिवशी मालक गोदामाकडं गेले तशी मी सुग्रीवला घरी बोलवलं. सुग्रीव म्हणजे भला माणूस, पण मालकांसमोर त्याची मान कायम खाली. मी म्हणलं, "बुक आण. नऊ वर्षांचं सगळं आण."

"वहिनी, साहेबांना विचारून..."

"साहेबांची एक सही दाखव त्या बुकात. दाखवलीस तर विचारून घे."

त्यानं बुकं आणली. आमी दोघं दुपारभर पानं उलटत बसलो. भाकरी केल्या न्हाईत त्या दिवशी, तवा थंड होता. नऊ वर्षांच्या बुकात मालकांची एक सही न्हाई. सभासदांच्या यादीत मातर त्यांचं नाव सापडलं. 'बसप्पा, नाममात्र सभासद.'

"हे काय असतं रे?"

"बायांच्या संस्थेत पुरुषाला पक्का सभासद होता येत न्हाई, वहिनी. शंभर रुपये भरून नाममात्र होतो. कर्ज मिळतं. मत न्हाई, मिटिंगला बसायचा हक न्हाई."

"हक न्हाई?"

"न्हाई." सुग्रीवनं यादी माझ्यापुढं सरकवली.

"मग नऊ वर्षं त्या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

त्यानं पान उलटलं. मी पुढचं इचारलं. समजा मालकांकडून बावीस लाख वसूल झाले, तर माझ्यावरचे अकरा लाख? सुग्रीव म्हणला, वसूल होईल तितकी संचालकांवरची जिम्मेदारी उतरती. बाकी सहाजणींचंबी तसंच, जिच्या तिच्या नवऱ्याकडून निघालं की तिच्या मानेवरचं खाली. फक्त अध्यक्षानं मिटिंग बोलवून वसुलीचा ठराव घ्यायचा, मग सहकार खात्याकडं वसुलीचा दाखला मागायचा, मग जप्ती.

"मग तू इतके दिवस बोलला कावून न्हाईस?"

"मला कुणी विचारलंच न्हाई, वहिनी."

खरं हाय. मीबी कुणाला विचारलं नव्हतं.

सुंदरबाईकडं मी स्वतः गेले. ती उपाध्यक्ष, तिच्या अंगावर नऊ लाख आलते. तिच्या नवऱ्यानंबी तिला नादार करायचं ठरवलं होतं, तोच वकील, तोच दोन नंबरचा रस्ता! तिच्या नावावर एक टपरी होती, तीच जाणार होती. ती मला म्हणली, "अक्का, नवऱ्यावर जप्ती? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हणलं, "तुला नादार केल्यावर काय साखर घालणारेत?" तिनं चुलीतलं जळण मागं ओढलं. मग म्हणली, "येते. पण बोलायचं तू."

शनिवारी सकाळी अकराची मिटिंग लावली. नोटिसीवर मी सही केली, वाचून केली. नवऱ्यांना वाटलं नेहमीचीच मिटिंग, पोहे कुणाकडं हायत इतकंच त्यांनी इचारलं. मी साडेधालाच जाऊन खुर्चीवर बसले. टॉवेल काढून खिडकीत वाळत घातला. खुर्ची फिरती हाय हे मला ठाऊक नव्हतं, बसताना तोल गेला. सुंदरबाईनं धरलं म्हणून बरं, न्हाई तर पैलाच ठराव माझ्या कमरंवर घ्यावा लागला असता.

मालक आले. मागं सहा नवरे.

"अगं ऊठ, मिटिंग सुरू व्हायचीय."

"सुरू झालीय," मी म्हणलं. "सुग्रीव, जे संचालक न्हाईत त्यांना बाहेर बसायला सांग."

सुग्रीवनं मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग आयुष्यात पैल्यांदा त्याची मान वर झाली. "साहेब, नियम हाय तसा," म्हणला.

"कोणता नियम बे?" मालक ओरडले. "ही संस्था माझी हाय!"

"मग दाखवा सही," मी म्हणलं.

ते दारात उभे राहिले. गेले न्हाईत, पण आतबी आले न्हाईत. सात नवरे पायरीवर बसले आन् सात बायका आत. सुग्रीवनं कर्जाची यादी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव, रक्कम आन् कर्ज कशासाठी. चतुराबाईच्या नवऱ्याचं आलं, 'दुभत्या म्हशी, दहा.' चतुराबाई ताडकन उठली. "म्हशी? आमच्या दारात शेळी न्हाई! ह्या म्हशी कुठं बांधल्यात?" पायरीवरून तिचा नवरा म्हणला, "टँकर म्हणजे तसंच समज." सुंदरबाईच्या हॉटेलवाल्याचं आलं, 'शिलाई मशीन केंद्र.' मंजुळाबाईच्या मुकादमाचं, 'लोकरी विणकाम.' आमी बीडच्या उन्हातल्या बाया, लोकर कशाची विणणार? एकेक नाव आलं की आत हसू आन् बाहेर खोकला. बायनाबाईला वाचता येत न्हाई, ती आंगठा करायची. तिनं बुक ओढून आपले आंगठे मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता तिच्या डोळ्याला पाणी आलं. "इतके मी केले?" म्हणली. मग कुणी हसलं न्हाई.

शेवटी सुग्रीवनं आमच्या घरचं वाचलं. "श्री. बसप्पा, बावीस लाख. महिलांसाठी पापड उद्योग, यंत्रसामग्री."

पापड! तेवीस वर्षं मी पोळपाट-लाटण्यानं पापड लाटते. ते लाटणंसुद्धा माझ्या आईनं दिलेलं. मी दाराकडं बघितलं. मालक चप्पल पायात घालून काढत होते, परत घालत होते.

ठराव झाला. सातही नाममात्र सभासदांकडून वसुली करायची, दाखला मागायचा, पैसे न भरल्यास जप्ती. सातही हात वर झाले. बायनाबाईनं आंगठा उठवायच्या आधी सुग्रीवला अख्खा ठराव दोनदा वाचायला लावला. मी सही केली. बोटाला पीठ नव्हतं, सही जरा वेगळीच आली.

त्या रात्री मालक न जेवताच झोपले. रविवारी जेवताना तोंड उघडलं.

"नवऱ्यावर जप्ती आणलीस."

"नाममात्र सभासदावर आणली."

"लोक काय म्हणतील?"

"नादार बायकोला लोक काय म्हणणार होते?"

त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. तो माझ्या दोन एकरातल्या जवारीचा घास होता. मग एकदम म्हातारे दिसायला लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पैल्या बाळंतपणात मला ताप आलता तेव्हा हाच माणूस माजलगावच्या दवाखान्यात तीन दिवस उशाशी बसून होता, धंदा बंद ठेवून. खुर्ची यायच्या आधीचा माणूस तो. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं, मोजक्या पाण्यात, आन् बाहेर आले.

"सोमवारी बीडला जायचंय," मी म्हणलं. "रस्ता एक नंबर राहिलाय. जप्ती लागायच्या आधी तुमी अर्ज टाकला तर कोर्ट सगळ्यांचं बघून वाटणी करील, आन् तुमच्या मागचा तगादा तरी थांबल. दुकान जाईल. गाडी जाईल. घर गेलं तर माजलगावला हीर हाय, गुडघाभर पाणी हाय. तुमी यायचं असंल तर या."

"मी? तुझ्या जमिनीवर?"

"काय न्हाई हो तिथं," मी म्हणलं. "दोनच एकर."

सोमवारी आमी एसटीनं गेलो. काचंवर चेअरमन लिहिलेली गाडी मालकांनी घरीच ठेवली. बद्रीनाथ वकिलांनी माझ्या नावाचा अर्ज छापून ठेवला होता, तो मी मागून घेतला आन् पिशवीत घातला. आठवण म्हणून. मग त्यांनी मालकांच्या नावाचा नवा छापला. ह्या खेपंला त्यांनी मला दोनदा 'ताई' म्हणलं आन् चहाबी सांगितला.

अर्ज पंधरा पानांचा. वकिलांनी तो मालकांपुढं सरकवला. मालकांनी खिशातलं पेन काढलं.

"कुठं करू?"

मी बोट ठेवलं. "हितं."

पेन कागदाला टेकलं आन् थांबलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला.

"वाचून तरी बघू दे," म्हणले.

वकील घड्याळ बघत म्हणले, "वाचायचं काय त्यात बसप्पा, मी वाचलंय."

तेच शब्द, तसेच. मी वकिलांना म्हणलं, "थांबा साहेब. वाचू द्या त्यांना." मग मालकांना म्हणलं, "सगळी पानं वाचा. बस सहाची हाय. मी थांबते."

ते वाचायला लागले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दुसऱ्या पानावर देणेकऱ्यांची यादी होती. त्यात पैलं नाव संस्थेचं, त्याच्यापुढं 'तर्फे अध्यक्षा, सौ. नीलम्मा बसप्पा.' तिथं त्यांचं बोट लई वेळ अडकलं.

"हे तूच ना गं?"

"मीच," म्हणलं. "पुढं वाचा."